निरगुडीचं वर्तुळ
(१९७९ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला फोन केला तेव्हा सांगितलं, "तू एवढी वर्षं पाल्यापाचोळ्यावर संशोधन केलंस, तर घरगुती औषधांवर दहा मिनिटं बोल. सगळ्यांची साठी उलटली आहे, उपयोगी पडेल." मी हो म्हटलं खरं, पण घरगुती औषधांची यादी मी आज देणार नाही. ती तुम्हाला रोज सकाळी मोबाईलवर येतेच, आणि त्यातली निम्मी मलाच 'हे खरं का गं?' असं विचारत तुम्ही पाठवता. आज एका प्रयोगाबद्दल बोलणार आहे. तो चुकलेला प्रयोग होता आणि माझाच होता. तो शाळेला सांगायचा राहिला होता.

आधी शाळेच्या कुंपणापासून सुरुवात करते. आता तिथे सिमेंटची भिंत आहे. आपल्या वेळी मैदानाच्या ओढ्याकडच्या बाजूला निरगुडी होती आणि मुलींच्या बाजूला अडुळसा. खो-खो खेळताना कोणाचा पाय मुरगळला की शिपाईमामा निरगुडीचा पाला तोडून आणायचे, तव्यावर गरम करून शेकायचे आणि फडक्याने बांधून द्यायचे. त्या पाल्याचा उग्र वास अजून आठवतो. पाच बोटांसारखं पान, वरून हिरवं, खालून पांढरट. पावसाळ्यात मैदानभर टाकळा उगवायचा. त्याची भाजी कोणाकोणाच्या डब्यात असायची आणि कोणाला गजकर्ण झालं की त्याचाच पाला चोळायचा. टाकळ्याचं संस्कृत नाव चक्रमर्द आहे हे मला फार नंतर कळलं. गजकर्णाचा चट्टा गोल चक्रासारखा असतो ना, त्याचा नाश करणारा म्हणून चक्रमर्द. नाव ठेवणाऱ्याने रोग नीट पाहिला होता.

दुसरी आठवण सरांच्या विज्ञानाच्या तासाची. आठवीत सरांनी दोन कुंड्या आणल्या होत्या. दोन्हीत तीच माती, तेच बी, तेवढंच पाणी. एक खिडकीत ठेवली, दुसरी कपाटात. पंधरा दिवसांनी कपाटातली काढली तर रोप पिवळं आणि लांबट झालेलं. प्रयोग एवढासाच. पण त्यानंतर सरांनी 'दुसरी कुंडी कुठाय?' हा प्रश्न आमच्यामागे लावून दिला. आपल्यातला एक जण (आज बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालाय) म्हणाला होता, "सर, मी परीक्षेआधी गणपतीला एकवीस प्रदक्षिणा घातल्या म्हणून पास झालो." सर शांतपणे म्हणाले, "दुसरी कुंडी कुठाय? प्रदक्षिणा न घालता पास झालेले हात वर करा." अख्खा वर्ग हात वर करून हसत होता.

एवढी दोन सामानं घेऊन मी इथून बाहेर पडले. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि एका कॉलेजात शिकवायला लागले. संशोधनासाठी विषय शोधताना डोळ्यांसमोर शाळेचं कुंपणच आलं. या पानांत खरंच जंतू मारणारं काही आहे का, ते तपासून बघायचं.

हे कसं तपासतात ते थोडं सांगते, कारण पुढची गोष्ट त्याशिवाय कळायची नाही. पाला सकाळी तोडायचा, धुवायचा, सावलीत आठ-दहा दिवस वाळवायचा. उन्हात नाही, वास उडून जातो आणि वासाबरोबर तेलंही. मग मिक्सरमधून पूड काढायची. दहा ग्रॅम पूड शंभर मिलीलिटर मिथेनॉलमध्ये चोवीस तास भिजत ठेवायची, मधूनमधून हलवायची. पानातलं सगळंच पाण्यात उतरत नाही, म्हणून मिथेनॉल. विषारी दारूच्या बातम्यांत ज्याचं नाव येतं तेच हे. मग मलमलच्या फडक्यातून आणि गाळणकागदातून गाळायचं, वॉटर बाथवर आटवायचं. तळाला हिरवट काळा डांबरासारखा चिकट पदार्थ उरतो. तो अर्क.

दुसरीकडे जंतूंचं अंथरूण तयार करायचं. काचेच्या पसरट बशीत अगार ओततात. अगार म्हणजे आपल्या बायका खरवसासारख्या वड्यांत किंवा जेलीत घालतात तो चायना ग्रास. समुद्री शेवाळापासून होतो. जंतू वाढवायला अगार वापरायची कल्पना प्रयोगशाळेतल्या कुणा प्राध्यापकाची नव्हती. १८८१ च्या सुमारास जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जिलेटीन वापरत, ते उन्हाळ्यात वितळायचं. तिथे काम करणाऱ्या वाल्थर हेस यांच्या पत्नी फॅनी हेस यांनी सुचवलं की मी स्वयंपाकघरात अगार वापरते, तो उन्हाळ्यातही टिकतो. जगभरच्या प्रयोगशाळा आजही त्यावरच चालतात, आणि फॅनीबाईंचं नाव बशीवर नाही. बशी मात्र १८८७ मध्ये रिचर्ड पेट्री यांनी सुचवली म्हणून पेट्री डिश. असो.

तर या गोठलेल्या अगारवर जंतूंचं पाणी कापसाच्या बोळ्याने सारखं पसरायचं. मिलीलिटरला साधारण पंधरा कोटी जंतू, म्हणजे डोळ्यांना नुसतं किंचित गढूळ दिसेल इतपत. मग अगारला गोल भोकं पाडायची आणि त्यांत अर्क भरायचा. रात्रभर ३७ अंशांवर ठेवलं की सकाळपर्यंत जंतूंची दुधी साय सगळीकडे पसरते. भोकातून पाझरलेल्या अर्काने जिथे जंतू वाढू दिले नाहीत तिथे स्वच्छ गोल वर्तुळ राहतं. पट्टी लावायची, मिलीमीटर मोजायचे. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ मध्ये बुरशीभोवती जे पाहिलं, त्याच जातीचं हे दृश्य. तुम्हाला सांगते, सकाळी इन्क्युबेटर उघडून ते वर्तुळ पहिल्यांदा दिसतं तेव्हा माणूस अर्धा वेडा होतो. मीही झाले.

१९९१ ची गोष्ट. स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जंतू असतो, गळवांतला आणि पुवातला. त्याच्यावर मी चार पानांचे अर्क लावले होते. निरगुडीच्या भोकाभोवती पंधरा मिलीमीटरचं वर्तुळ आलं. तीन वेळा केलं, तीनदा आलं. शेजारी स्ट्रेप्टोमायसिनही लावलं होतं, म्हणजे जंतू औषधाला दाद देतो हेही पाहिलं होतं. एका परिषदेत निबंध वाचला, बक्षीस मिळालं. शेवटच्या परिच्छेदात मी लिहिलं होतं की या पानांचा जखमांवर उपयोग होऊ शकेल. असा परिच्छेद लिहायची पद्धतच होती. सगळेच लिहायचे. अजून लिहितात.

स्थानिक वर्तमानपत्रात फोटोसह बातमी आली. 'होऊ शकेल' गळलं आणि मथळ्यात निरगुडीने जखमेतले जंतू मरतात असं आलं. शाळेच्या फळ्यावर रंगीत खडूने माझं अभिनंदन लिहिलं गेलं. बाईंनी ते पत्राने कळवलं होतं. पत्र जपून ठेवलंय.

आता पुढचं मी आपल्या एका वर्गमित्राची परवानगी घेऊन सांगते आहे. तो समोर बसलाय, नाव घेत नाही. त्याचे वडील आपल्या सगळ्यांचे अण्णा. मधल्या सुट्टीत आपण त्यांच्या दुकानातून चिंचेच्या गोळ्या उधारीवर घ्यायचो, आणि ती उधारी त्यांनी कधी मागितली नाही. अण्णांना साखरेचा विकार होता. पुढच्या पावसाळ्यात त्यांच्या अंगठ्याला ठेच लागली. मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात, त्यामुळे दुखलं नाही, आणि दुखत नाही म्हणजे काही नाही असं वाटलं. त्यांनी निरगुडीचा पाला पाट्यावर वाटून बांधायला सुरुवात केली. रोज ताजा. तीन आठवडे. मुलगा म्हणायचा डॉक्टरकडे चला, तर अण्णा सदऱ्याच्या खिशातून कात्रण काढून दाखवायचे. आपल्या पोरीने शोधलंय, तिच्यापेक्षा डॉक्टर मोठा का?

दिवाळीत मी माहेरी आले तेव्हा भेटायला गेले. अण्णा खाटेवर होते, पाय बँडेजमध्ये. दोन बोटं काढावी लागली होती. मला बघून त्यांना आनंदच झाला. म्हणाले, "ये गं. तुझाच पाला बांधला होता बघ. माझीच साखर आडवी आली, पाल्याचा दोष नाही."

ते रागावले असते तर बरं झालं असतं.

त्या रात्री झोप लागली नाही. कुठे चुकलं ते मी शोधत होते. काही गोष्टी लगेच दिसल्या. प्रयोगशाळेतला अर्क मिथेनॉलमध्ये काढलेला, गाळलेला. अण्णांनी बांधला तो कुंपणावरचा कच्चा पाला, ज्यावर धूळ आणि मातीतले जंतू असतात, तोही ओलसर फडक्यात गुंडाळून उघड्या जखमेवर. या दोन वस्तूंचं नाव फक्त एक होतं. शिवाय अगारवर नुसता जंतू असतो. जखमेत रक्त, पू, मेलेलं मांस, आणि साखरेने दमलेलं शरीर. हे सगळं मला माहीत होतं, पण निबंधाच्या शेवटच्या परिच्छेदात ते मी लिहिलं नव्हतं.

पण त्याहून साधी गोष्ट पहाटे लक्षात आली. दुसरी कुंडी कुठे होती?

चार भोकांत चार पानं लावली होती. नुसतं मिथेनॉल भरलेलं पाचवं भोक, ज्यात पाला अजिबात नाही, ते मी लावलंच नव्हतं. का? अगारची बाटली महाग, कॉलेजकडून वर्षाला एक मिळायची, एका बशीत चारच भोकं बसायची, आणि मला चार पानं बसवायची होती. ही कारणं सांगताना सुद्धा मला कळतं की ती कारणं नव्हेत. वर्तुळ आलं होतं आणि मला ते हवं होतं, एवढंच.

सुट्टी संपायच्या आत परत गेले आणि प्रयोग पुन्हा केला. निरगुडीभोवती पंधरा मिलीमीटर. नुसत्या मिथेनॉलभोवती तेरा. भोकच आठ मिलीमीटरचं होतं. म्हणजे मी जे वर्तुळ परिषदेत मिरवलं, त्यातलं बहुतेक मिथेनॉलचं होतं. मग मिथेनॉल पूर्ण उडवून, अर्क दुसऱ्या द्रवात अगदी थोडक्यात विरघळवून केला, तेव्हा दहा आलं. भोकाच्या कडेने एकेक मिलीमीटर.

निरगुडीत काही नाही असं मी म्हणत नाही. मुरगळलेल्या पायाला शिपाईमामांचा शेक बरा वाटायचाच, आणि सुजेवर निरगुडी वापरणं हा वेगळा विषय आहे, तो माझ्या बशीने तपासलेलाच नव्हता. मी एवढंच म्हणते की मी जे दाखवलं असं सांगितलं, ते मी दाखवलेलं नव्हतं.

परिषदेच्या संयोजकांना पत्र लिहून निबंध मागे घेतला. बक्षिसाची ढाल परत पाठवली, तर ती साभार परत आली, असली गोष्ट त्यांच्या नियमात बसत नव्हती. वर्तमानपत्राला दोनदा लिहिलं. एक ओळही छापून आली नाही. त्यांचंही बरोबर असेल, 'वर्तुळ आलं नाही' ही काय बातमी आहे? कॉलेजात काहींनी सांगितलं, कशाला स्वतःहून उकरतेस, कोण बघणार आहे. अण्णांना जाऊन सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे डॉक्टरकडे आधी जायला हवं होतं." मी म्हटलं हो. ते म्हणाले, "बरं." त्यानंतर ते दहा वर्षं होते, आणि साखर तपासायला दर महिन्याला जात होते. शाळेला मात्र मी कळवलं नाही. धीर झाला नाही. फळ्यावरचा खडू पुसला गेला असेल असं मनाला समजावलं.

त्यानंतर तीस वर्षं मुलांकडून प्रकल्प करून घेतले. नियम एकच, पहिलं भोक कोरं. आधी कोरं लावा, मग पानं. पहिल्याच दिवशी मी एक गंमत करायचे. अर्काच्या तीन बाटल्या द्यायचे, नावं लपवून. मुलं सकाळी धावत यायची, बाई, दोन नंबरला जबरदस्त वर्तुळ आलंय! दोन नंबर म्हणजे लिंबाचा रस. तीन नंबर कॅन्टीनचा कोरा चहा, आटवून दाट केलेला. आंबटपणाने जंतू दबतात, चहातल्या तुरट द्रव्यांनीही स्टॅफिलोकॉकस दबतो. मुलांचे चेहरे उतरायचे. मग विचारायचे, आता वर्तुळ म्हणजे काय ते सांगा.

दुसरं एक गणित फळ्यावर करून घ्यायचे. मिलीलिटरला शंभर मिलिग्रॅम अर्क, भोकात पन्नास मायक्रोलिटर, म्हणजे भोकात पाच मिलिग्रॅम. पाच मिलिग्रॅम म्हणजे पाच हजार मायक्रोग्रॅम. शेजारच्या जेंटामायसिनच्या चकतीत दहा मायक्रोग्रॅम. पाचशे पट जास्त माल घालून वर्तुळ जवळपास सारखं आलं, आणि मुलगा अहवालात लिहितो की पाल्याचा अर्क प्रतिजैविकाच्या तोडीचा आहे! शिवाय मोठं वर्तुळ म्हणजे जास्त ताकद असंही नाही. पाण्यात विरघळणारी द्रव्यं अगारमध्ये लांब पाझरतात, तेलकट द्रव्यं जागीच बसून राहतात. चांगलं तेलकट द्रव्य लहान वर्तुळ देईल आणि साधं आम्ल मोठं. म्हणून वर्तुळ ही नुसती पहिली चाळणी. पुढे कमीत कमी किती मात्रेला जंतूची वाढ थांबते ते काढायचं, आणि तीच मात्रा माणसाच्या पेशींचं काय करते ते बघायचं.

हे शेवटचं बुरशीच्या बाबतीत फार महत्त्वाचं. जंतूची पेशी आपल्यापेक्षा खूप निराळी, म्हणून पेनिसिलिन जंतूची भिंत मोडतं आणि आपल्याला काही करत नाही. बुरशीची पेशी आपल्या पेशीची लांबची चुलत बहीण आहे. तिला मारणारं पुष्कळ काही आपल्यालाही भाजतं. बुरशीची चाचणीही वेगळी असते आणि तिला दम लागतो. अर्क अगारमध्येच मिसळायचा, मधोमध बुरशीचा छोटा गोल तुकडा ठेवायचा आणि रोज तो किती पसरला ते मोजायचं. शेजारी अर्क नसलेली बशी, दुसरी कुंडी. गजकर्णाची बुरशी इतकी आळशी की आठवडा, कधी दोन आठवडे लागतात. परीक्षा जवळ आली की मुलं म्हणायची, बाई, बुरशी बदलून द्या.

गजकर्णाचं निघालंच आहे तर एक सांगून टाकते, कारण फोनवर तुम्ही हेच सगळ्यात जास्त विचारता. आपल्या देशात गेल्या काही वर्षांत गजकर्ण बरं होईनासं झालंय. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणारी, स्टेरॉईड मिसळलेली मलमं हे त्याचं एक मोठं कारण. खाज दोन दिवसांत थांबते आणि बुरशी आतून पसरते. टाकळ्याने जाईल का? टाकळ्यात आणि त्याच्या भाऊबंद दादमर्दनमध्ये बुरशीला आवर घालणारी द्रव्यं आहेत, यात शंका नाही. पण तुमच्या अंगावरचा चट्टा कोणत्या बुरशीचा, किती जुना, हे पाल्याला माहीत नसतं. त्वचेच्या डॉक्टरला दाखवा. एकदाच सांगते, परत फोन करू नका. करा, पण गप्पा मारायला.

तीस वर्षांत काय हाती लागलं, असं काल रात्री जेवताना कोणीतरी विचारलं. माझ्याकडे तीन जाड वह्या आहेत, त्यांत बहुतेक पानांपुढे एकच शब्द लिहिलाय: नाही. अमुक पान, अमुक जंतू, कोऱ्या भोकापेक्षा फरक नाही. कुठल्याही मासिकाने छापलं नाही. एक मुलगी रडायला लागली होती, तिच्या तेरा पानांपैकी एकालाही काही आलं नाही म्हणून. तिला मी तिची बशी दाखवली. कोरं भोक कोरं, पाल्याची भोकंही कोरी, औषधाभोवती सुरेख वर्तुळ. म्हटलं, याच्याइतकी स्वच्छ बशी माझ्या बक्षिसाच्या निबंधात नव्हती. तिला माझी गोष्ट सांगितली. आता ती एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत आहे.

'हो' आलेलंही आहे. विड्याचं पान. मिथेनॉलचा लवलेश न ठेवता, कोऱ्या भोकासमोर, स्टॅफिलोकॉकसवरही आणि तोंडात पांढरे चट्टे आणणाऱ्या कँडिडा बुरशीवरही. आमचे पान खाणारे मित्र टाळ्या वाजवतायत. थांबा जरा. पानात सुपारी घालता ना? तिने कर्करोग होतो हे जागतिक पातळीवर मान्य झालेलं आहे. तंबाखूचं तर बोलायलाच नको. नुसतं पान चावा, मी टाळ्या वाजवते.

कोणी म्हणेल, आजीबाईच्या बटव्यावर एवढी शंका कशाला, आपल्याच माणसांचं ज्ञान आहे. त्यावर कडुनिंबाची गोष्ट सांगते. १९९४ मध्ये युरोपच्या पेटंट कार्यालयाने एका अमेरिकन कंपनीला आणि अमेरिकेच्या कृषी खात्याला पेटंट दिलं, कडुनिंबाच्या तेलाने पिकावरची बुरशी रोखण्याच्या पद्धतीचं. कडुनिंबाचं! वंदना शिवा आणि युरोपातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी ते आव्हान दिलं. आमची आजी हे करायची एवढं सांगून ते पेटंट हललं नसतं. आधीचा वापर पुराव्याने दाखवावा लागला. आपल्या महाराष्ट्रातल्या एका उत्पादकाने तिथे जाऊन साक्ष दिली की आम्ही असा अर्क आधीच तयार करून शेतांवर वापरून पाहिलाय. २००० मध्ये पेटंट रद्द झालं आणि २००५ मध्ये अपिलातही तेच कायम राहिलं. आजीचं म्हणणं तपासून, तारीख घालून लिहून ठेवणारं कोणीतरी होतं, म्हणून आजीचा कडुनिंब वाचला.

संयोजक घड्याळ दाखवतायत, चहा निवतोय म्हणे. एकच राहिलं.

आज सकाळी शाळेच्या फाटकाशी आपल्या त्या मित्राने माझ्या हातात एक पाकीट ठेवलं. अण्णांच्या ट्रंकेत सापडलेलं. आत ते कात्रण, चार घड्या घातलेलं, घड्यांवर फाटलेलं, कडेला हळदीचा किंवा औषधाचा पिवळा डाग. फोटोत मी अठ्ठावीस वर्षांची आहे आणि फारच खूश दिसते आहे. तो म्हणाला, "तुझ्याकडे असू दे."

मुख्याध्यापिकाबाई सांगत होत्या की विज्ञानाच्या खोलीत माजी विद्यार्थ्यांसाठी एक फलक करायचाय. हे कात्रण तिथे लावावं असं मला वाटतं. त्याच्या शेजारी माझ्या १९९१ च्या वहीतलं एक पान, ज्यावर तेरा आणि पंधरा असे दोन आकडे एकाखाली एक लिहिलेत. दोन्ही एकत्रच, सुटं एकही नाही. वहीचं पान मी बरोबर आणलंय, पर्समध्ये आहे.

सर, लावू ना?